गणितपंडित रामानुजन

कावेरीच्या सुपीक खोऱ्यात कुंभकोणम् नावाचे एक प्राचीन नगर आहे. उंच गोपुरांची मंदिरे, दगडी पायऱ्यांची तळी आणि रेशमी वस्त्रे विणणारे विणकर यांमुळे ते तामिळ देशात फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. या नगरात सारंगपाणीच्या मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक लहानसे कौलारू घर होते. त्या घरात श्रीनिवास अय्यंगार नावाचे एक गृहस्थ राहत. ते एका कापडाच्या दुकानात हिशेबनीस होते. दिवसभर खाली मान घालून जमाखर्च मांडावा, तेव्हा महिन्याकाठी वीस रुपये हाती पडत. त्यांच्या पत्नी कोमलताम्माळ मंदिरात भजने म्हणत आणि त्यातून मिळणाऱ्या चार पैशांनी संसाराला हातभार लावीत. याच घरात श्रीनिवास रामानुजन हा जगद्विख्यात गणिती लहानाचा मोठा झाला.

रामानुजनचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी इरोड या गावी, आजोळी झाला. दोन वर्षांचा असताना त्याला देवी आल्या. त्या साथीत पुष्कळ मुले दगावली. पण हे मूल दैवाने वाचले. त्याच्या पाठीवर झालेली भावंडे मात्र तान्हेपणीच गेली. त्यामुळे पुढे धाकटे भाऊ होईपर्यंत आईचे सारे लक्ष या एकुलत्या एका मुलावर केंद्रित झाले होते. कोमलताम्माळ करारी आणि बुद्धिमान होत्या. आपला मुलगा चारचौघांसारखा नाही, हे त्यांनी फार लवकर ओळखले.

रामानुजन स्वभावाने शांत आणि अबोल होता. खेळांची त्याला फारशी आवड नव्हती. पण अंकांचा विषय निघाला, की त्याचे डोळे चमकू लागत. एकदा वर्गात शिक्षक भागाकार समजावून देत होते. तीन केळी तीन मुलांना वाटली, तर प्रत्येकाला एक केळे मिळते. त्याचप्रमाणे कोणत्याही संख्येला त्याच संख्येने भागले, की उत्तर एक येते, असे त्यांनी सांगितले. तेव्हा छोटा रामानुजन उभा राहिला आणि शून्य केळी शून्य मुलांना वाटली, तरीही प्रत्येकाला एकेक केळे मिळेल काय, असे त्याने विचारले, अशी आठवण सांगतात.

१८९७ साली प्राथमिक परीक्षेत तो तंजावर जिल्ह्यात पहिला आला आणि पुढच्या वर्षी कुंभकोणम्‌च्या टाउन हायस्कूलमध्ये दाखल झाला. संसाराची तोंडमिळवणी व्हावी म्हणून कोमलताम्माळ घरी महाविद्यालयातील एकदोन विद्यार्थी जेवायला-राहायला ठेवीत. हा शाळकरी मुलगा त्यांना गणितातले प्रश्न विचारी. थोड्याच दिवसांत त्या विद्यार्थ्यांचे ज्ञान संपले. मुलाचे प्रश्न मात्र संपले नाहीत. तेव्हा त्यांनी त्याला लोनी नावाच्या ग्रंथकाराचे त्रिकोणमितीचे पुस्तक आणून दिले. तेराव्या वर्षापर्यंत त्याने ते अवघड पुस्तक पूर्णपणे आत्मसात केले. शाळेत सुमारे बाराशे विद्यार्थी आणि पस्तीस शिक्षक होते. त्या सर्वांचे वेळापत्रक बसवण्याचे किचकट काम गणिताच्या शिक्षकांनी या मुलावर सोपवले होते आणि तो ते सहज पार पाडीत असे.

१९०३ साली एका पुस्तकाने त्याच्या आयुष्याला निराळे वळण लावले. कार नावाच्या एका इंग्रज शिक्षकाने गणितातील हजारो सूत्रे एकत्र करून एक ग्रंथ तयार केला होता. त्यात सूत्रे होती; पण ती कशी सिद्ध करावयाची, हे बहुतेक ठिकाणी सांगितलेले नव्हते. दुसऱ्या एखाद्याने तो कंटाळून मिटून ठेवला असता. रामानुजनला मात्र तो खजिनाच वाटला. एकेक सूत्र घ्यावे, ते स्वतःच्या बुद्धीने सोडवावे आणि तसे करताना आणखी नवी सूत्रे शोधून काढावी, असा क्रम त्याने सुरू केला. हा नाद पुढे जन्मभर सुटला नाही.

१९०४ साली शाळा सोडताना त्याला गणिताचे मोठे पारितोषिक मिळाले. या विद्यार्थ्याला शंभरपैकी शंभर गुण दिले तरी ते कमीच पडतील, असे मुख्याध्यापक कृष्णस्वामी अय्यर यांनी समारंभात सर्वांसमक्ष सांगितले. कुंभकोणम्‌च्या सरकारी महाविद्यालयाची शिष्यवृत्तीही त्याला मिळाली. आईवडिलांना धन्यता वाटली. आता मुलगा पदवीधर होईल आणि घरातील ओढाताण संपेल, असे त्यांना वाटू लागले.

पण घडले ते निराळेच. महाविद्यालयात पहिली मोठी परीक्षा एफ. ए. ची असे. तिच्यासाठी गणिताबरोबर इंग्रजी, संस्कृत, शरीरशास्त्र आणि ग्रीस व रोम यांचा इतिहास एवढे विषय घ्यावे लागत. विद्यापीठाचा नियम असा होता, की प्रत्येक विषयात उत्तीर्ण झालेच पाहिजे. एका विषयात कितीही गुण मिळाले, तरी त्यांचा उपयोग दुसऱ्या विषयातील उणीव भरून काढण्यासाठी होत नसे. रामानुजनचे सारे मन गणिताने व्यापले होते. इतिहासाच्या तासाला त्याच्या वहीत इतिहास नसे, सूत्रे असत. परिणामी इंग्रजी निबंधाच्या परीक्षेत तो अनुत्तीर्ण झाला आणि त्याची शिष्यवृत्ती बंद झाली.

हे ऐकताच कोमलताम्माळ यांना राहवले नाही. त्या काळी एखाद्या स्त्रीने महाविद्यालयाच्या प्राचार्यांसमोर जाऊन गाऱ्हाणे मांडणे ही साधी गोष्ट नव्हती. पण त्या गेल्या. आपल्या मुलाच्या तोडीचा गणिती सबंध महाविद्यालयात नाही, मग त्याची शिष्यवृत्ती काढून घेणे कोणत्या न्यायाला धरून आहे, असे त्यांनी प्राचार्यांना स्पष्टपणे विचारले. प्राचार्यांनी त्यांचे बोलणे सौजन्याने ऐकून घेतले. परंतु नियम तो नियम. मुलगा इंग्रजीत अनुत्तीर्ण झाला असल्यामुळे आपला नाइलाज आहे, असे त्यांनी सांगितले. आई रिकाम्या हातांनी घरी परतली.

प्राचार्यांच्या मनात काही दुष्टावा नव्हता. नियम सर्वांना सारखे नसतील, तर वशिल्याला ऊत येईल, हे खरेच आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला सर्व विषयांची ओळख व्हावी, हा त्या नियमाचा हेतूही चांगलाच होता. पण नियम शेकडो सामान्य विद्यार्थ्यांना डोळ्यांपुढे ठेवून केलेला होता. क्वचित कधी एखादा असा विद्यार्थी जन्माला येतो, की त्याची बुद्धी एकाच दिशेने विजेसारखी धावते. अशा विद्यार्थ्याचे काय करावे, याचे उत्तर त्या नियमात कोठेही नव्हते.

शिष्यवृत्ती गेल्यावर महाविद्यालयाचे शुल्क भरणे घराला जड जाऊ लागले. रामानुजनने काही महिने कसेबसे रेटले. शेवटी १९०५ च्या ऑगस्ट महिन्यात, सतरा वर्षांचा असताना, लाजेने आणि निराशेने तो कोणालाही न सांगता घरातून निघून गेला आणि आगगाडीने दूर विशाखापट्टणम्‌ला पोहोचला. आईवडिलांच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांनी वर्तमानपत्रातून त्याच्या शोधाचा मजकूर छापून आणला; वडिलांनी गावोगाव शोध घेतला. अखेर मुलगा सुखरूप सापडला.

१९०६ साली त्याने मद्रासच्या पच्चय्यप्पा महाविद्यालयात पुन्हा प्रारंभ केला. तेथील गणिताचे प्राध्यापक त्याच्या बुद्धीने थक्क झाले. पण परीक्षेत तोच अनुभव आला. शरीरशास्त्रासारख्या विषयात त्याचे मन रमले नाही आणि एफ. ए. च्या परीक्षेत तो अनुत्तीर्ण झाला. पुढच्या वर्षी पुन्हा बसला आणि पुन्हा अपयश पदरी आले. विसाव्या वर्षी त्याच्यासाठी महाविद्यालयाचे दार कायमचे बंद झाले.

यानंतरची काही वर्षे विलक्षण हलाखीची गेली. पदवी नाही म्हणून नोकरी नाही. नोकरी नाही म्हणून पैसा नाही. कधी शिकवण्या कराव्या, कधी मित्रांच्या घरी आश्रय घ्यावा, कधी अर्धपोटी राहावे, असे दिवस त्याने काढले. कागद विकत घेणे परवडत नसे. म्हणून तो दगडी पाटीवर गणिते करी. फडक्याने पाटी पुसण्याइतकाही धीर त्याला नसे. तो कोपरानेच पाटी पुसे आणि पुढे लिहू लागे. शेवटी हाती आलेले सूत्र तेवढे तो वहीत उतरवून ठेवी. घरच्या ओट्यावर पाय दुमडून बसलेला आणि पाटीवर भराभर लिहिणारा हा तरुण येणाऱ्या-जाणाऱ्यांना रिकामटेकडा वाटत असला पाहिजे. प्रत्यक्षात त्याच्या वह्यांत त्या वेळी असे गणित साठत होते, की जे जगात दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हते.

१९०९ साली, त्या काळच्या रूढीप्रमाणे, आईने जानकी नावाच्या लहान मुलीशी त्याचा विवाह करून दिला. आता संसाराचा भार अंगावर आला. हातात वह्या घेऊन रामानुजन नोकरीच्या शोधात निघाले. तिरुकोइलूर येथे रामस्वामी अय्यर नावाचे डेप्युटी कलेक्टर होते. १९०७ साली भारतीय गणित मंडळाची स्थापना त्यांनीच केली होती. या मंडळाचे ग्रंथालय पुण्याला फर्ग्युसन महाविद्यालयात होते. रँग्लर परांजपे त्या वेळी तेथे प्राचार्य होते. रामानुजन यांनी रामस्वामींकडे एखादी कारकुनी मागितली. वह्या चाळताच ते आश्चर्यचकित झाले. अशा माणसाला महसूल खात्यातील कारकुनीत अडकवणे म्हणजे त्याची प्रतिभा मारून टाकणे होय, असे त्यांना वाटले. त्यांनी नोकरी दिली नाही. पण मद्रासमधील जाणकारांना पत्रे दिली. त्यातूनच नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांची भेट घडली. त्यांनी काही काळ दरमहा पंचवीस रुपये स्वतःच्या खिशातून दिले. १९११ साली गणित मंडळाच्या नियतकालिकात रामानुजन यांचा पहिला लेख प्रसिद्ध झाला.

पण फार दिवस दुसऱ्याच्या पैशावर जगणे रामानुजन यांना रुचेना. १ मार्च १९१२ रोजी त्यांनी मद्रास बंदराच्या पोर्ट ट्रस्टच्या कचेरीत कारकुनाची नोकरी धरली. पगार महिना पंचवीस-तीस रुपये होता. सुदैवाने तेथे त्यांचे वरिष्ठ असलेले नारायण अय्यर स्वतः गणिताचे अभ्यासक होते आणि ट्रस्टचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग हेही गुणग्राहक होते. या मंडळींच्या प्रोत्साहनाने रामानुजन यांनी इंग्लंडमधील गणितज्ञांना पत्रे लिहिली. दोघांकडून काही साहाय्य झाले नाही. १६ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी केंब्रिजचे प्रसिद्ध गणितज्ञ हार्डी यांना पत्र पाठवले. एका अनोळखी कारकुनाचे ते पत्र सूत्रांनी भरलेले होते. हार्डींना प्रथम शंका आली. मग त्यांनी आपले सहकारी लिटलवुड यांच्यासह ती सूत्रे तपासली. काही त्यांच्या ओळखीची होती, काही अत्यंत अवघड होती आणि काही तर अशी होती, की तशी त्यांनी पूर्वी कधी पाहिलीच नव्हती. हे पत्र लिहिणारा मनुष्य पहिल्या प्रतीचा गणिती आहे, याविषयी त्यांची खात्री पटली.

याच सुमारास हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर मद्रासला आले होते. तेही केंब्रिजचे नामवंत गणिती होते. स्प्रिंग यांनी त्यांना रामानुजन यांच्या वह्या दाखवल्या. पोटाच्या चिंतेतून मुक्त होऊन या तरुणाला काही वर्षे केवळ गणितातच घालवता यावी, यासाठी विद्यापीठाने त्याला साहाय्य करावे, असे पत्र वॉकर यांनी मद्रास विद्यापीठाला लिहिले. विद्यापीठाच्या गणित अभ्यासमंडळाने त्याचा विचार केला आणि दोन वर्षे दरमहा ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती देण्याची शिफारस केली.

आता पुन्हा तोच प्रसंग उभा राहिला. ७ एप्रिल १९१३ रोजी विद्यापीठाचे कार्यकारी मंडळ, म्हणजे सिंडिकेट, या शिफारशीचा निर्णय करण्यासाठी बसले. संशोधनाची शिष्यवृत्ती एम. ए. झालेल्यांसाठीच असते, असा विद्यापीठाचा नियम होता. रामानुजन एम. ए. तर नव्हतेच, बी. ए. ही नव्हते, एफ. ए. च्या परीक्षेतही दोनदा अनुत्तीर्ण झाले होते. नियमाचे पुस्तक उघडले असते, तर उत्तर एकच निघाले असते. आठ-नऊ वर्षांपूर्वी एका आईला मिळालेलेच उत्तर पुन्हा द्यावे लागले असते.

परंतु या सभेत मद्रासच्या उच्च न्यायालयाचे एक न्यायाधीश होते. त्यांचे नाव न्यायमूर्ती सुंदर अय्यर. ते गणिती नव्हते. पण कायदा जाणणारे होते. नियम हे कायद्यातून निघतात आणि कायदा काही हेतूने केलेला असतो, हे त्यांना ठाऊक होते. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली, तेव्हा त्यांचे मुख्य काम परीक्षा घेणे हेच होते. पुढे १९०४ च्या विद्यापीठ कायद्याने अध्ययन आणि संशोधन यांना उत्तेजन देणे हेही विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आणले. सुंदर अय्यर यांनी सभासदांना या हेतूची आठवण करून दिली. संशोधनाला उत्तेजन देणे हे विद्यापीठाचे कर्तव्य असेल आणि ज्याच्या संशोधनशक्तीविषयी कोणालाही शंका नाही असा मनुष्य समोर असेल, तर केवळ पदवी नाही म्हणून त्याला परत पाठवणे कायद्याच्या हेतूला धरून होईल काय, असा त्यांचा प्रश्न होता.

हा युक्तिवाद सभेला पटला. शिष्यवृत्ती मंजूर झाली. १ मे १९१३ पासून पदवी नसलेले रामानुजन मद्रास विद्यापीठाचे संशोधक विद्यार्थी झाले. दर तीन महिन्यांनी आपल्या कामाचा अहवाल द्यावा, एवढीच अट त्यांच्यावर होती. कोमलताम्माळ यांनी प्राचार्यांपुढे जे गाऱ्हाणे मांडले होते, तेच जणू एका न्यायाधीशाने कायद्याच्या भाषेत मांडले. आईचा शब्द ऐकला गेला नाही. न्यायाधीशाचा शब्द ऐकला गेला. पण दोघांचे म्हणणे एकच होते.

हार्डींची इच्छा होती, की रामानुजन यांनी केंब्रिजला यावे. समुद्र ओलांडणे त्या काळी सनातनी कुटुंबात निषिद्ध मानले जाई. कोमलताम्माळ यांचाही प्रथम विरोध होता. पण कुलदेवता नामगिरी हिने स्वप्नात येऊन अनुज्ञा दिली आणि मग त्यांनी संमती दिली, असे सांगतात. जी आई मुलासाठी प्राचार्यांपुढे उभी राहिली होती, तिने आता मुलासाठी लोकनिंदाही पत्करली. मद्रास विद्यापीठाने वर्षाला २५० पौंडांची शिष्यवृत्ती आणि प्रवासखर्च मंजूर केला. त्या रकमेतून दरमहा साठ रुपये आईला मिळावे, अशी व्यवस्था करून रामानुजन १७ मार्च १९१४ रोजी बोटीने इंग्लंडला निघाले.

केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयातही प्रवेशासाठी पदवीचा दाखला लागे. रामानुजन यांच्यासाठी ती अट शिथिल करण्यात आली. तेथे हार्डी आणि रामानुजन यांची जोडी जमली. पारंपरिक शिक्षणाच्या अभावी रामानुजन यांच्या ज्ञानात काही उणिवा राहिल्या होत्या; सिद्धता कशी मांडावी, याची शिस्त त्यांना नव्हती. हार्डींनी त्यांना ती शिकवली. पण त्यांच्या कल्पनेचे पंख कापले जाणार नाहीत, याचीही काळजी घेतली.

रामानुजन कोणते गणित करीत, याची थोडीशी कल्पना शाळकरी मुलालाही येऊ शकते. १२ ही संख्या घ्या. तिला १, २, ३, ४, ६ आणि १२ या सहा संख्यांनी नि:शेष भाग जातो. तिच्यापेक्षा लहान अशा कोणत्याही संख्येला इतके विभाजक नाहीत. अशा संख्यांचा सखोल अभ्यास करून रामानुजन यांनी १९१५ साली एक मोठा निबंध प्रसिद्ध केला. त्याबद्दल १९१६ च्या मार्च महिन्यात केंब्रिज विद्यापीठाने त्यांना संशोधनाद्वारे बी. ए. ची पदवी दिली. दोनदा एफ. ए. ला अनुत्तीर्ण झालेला विद्यार्थी अखेर पदवीधर झाला!

दुसरा प्रश्न असा: एखादी संख्या किती प्रकारे बेरजेच्या रूपाने लिहिता येईल? ४ ही संख्या ४, ३+१, २+२, २+१+१ आणि १+१+१+१ अशा पाच प्रकारे लिहिता येते. हे सोपे वाटते. पण १०० ही संख्या १९,०५,६९,२९२ प्रकारे लिहिता येते! मोठ्या संख्यांसाठी हे प्रकार मोजल्यावाचून कसे सांगावे, याचे अद्भुत सूत्र हार्डी आणि रामानुजन यांनी शोधून काढले. ते १९१८ साली प्रसिद्ध झाले.

इंग्लंडमधील हवा रामानुजन यांना मानवली नाही. ते कट्टर शाकाहारी होते आणि स्वतःच्या हाताने स्वयंपाक करीत. त्यातच पहिले महायुद्ध सुरू झाले. भाज्या, फळे मिळेनाशी झाली. रात्रंदिवस गणित, वेळी-अवेळी जेवण आणि कडाक्याची थंडी यांमुळे १९१७ साली ते आजारी पडले. एकदा हार्डी त्यांना भेटण्यासाठी रुग्णालयात गेले. आपण आलो त्या मोटारीचा क्रमांक १७२९ होता आणि तो अगदीच नीरस वाटला, असे ते सहज बोलून गेले. रामानुजन यांनी अंथरुणावरूनच सांगितले, की ती संख्या मोठी मनोरंजक आहे; दोन घनांची बेरीज म्हणून दोन निरनिराळ्या प्रकारे लिहिता येणारी ती सर्वांत लहान संख्या होय. १ आणि १२ यांच्या घनांची बेरीज १७२९ होते, तशीच ९ आणि १० यांच्या घनांचीही होते.

१९१८ साली दोन थोर सन्मान त्यांना लाभले. इंग्लंडच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्य करून घेतले. त्यांच्यापूर्वी हा मान मुंबईचे जहाजबांधणीतज्ज्ञ आर्देशीर कर्सेटजी या एकाच भारतीयाला, १८४१ साली, मिळाला होता. पाठोपाठ ट्रिनिटी महाविद्यालयानेही त्यांना फेलो निवडले. हा बहुमान मिळवणारे ते पहिले भारतीय होत.

२७ मार्च १९१९ रोजी रामानुजन यांची बोट मुंबई बंदराला लागली. मुलाला न्यायला कोमलताम्माळ मुंबईला आल्या होत्या. पाच वर्षांपूर्वी धट्टाकट्टा गेलेला मुलगा कृश आणि थकलेला होऊन परत आला होता. आई आणि जानकी यांनी त्याची पुष्कळ शुश्रूषा केली. पण दुखणे हटले नाही. त्या अवस्थेतही रामानुजन यांची लेखणी थांबली नव्हती. १९२० च्या जानेवारीत त्यांनी हार्डींना शेवटचे पत्र लिहिले, त्यातही अगदी नव्या गणिताचा शोध होता. २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, मद्रास येथे त्यांची प्राणज्योत मालवली.

त्यांचे कार्य मात्र आजही चालू आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९५७ साली त्यांच्या वह्या जशाच्या तशा छापून प्रसिद्ध केल्या. त्यांच्या अखेरच्या दिवसांतील हरवलेली पाने १९७६ साली केंब्रिजच्या ग्रंथालयात सापडली. २२ डिसेंबर हा त्यांचा जन्मदिवस २०१२ सालापासून भारतात राष्ट्रीय गणित दिवस म्हणून पाळला जातो.

रामानुजन यांच्या मनाचा मोठेपणा दाखवणारी एक गोष्ट सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होणार नाही. इंग्लंड सोडण्यापूर्वी मद्रास विद्यापीठाने त्यांना पाच वर्षांसाठी वर्षाला २५० पौंड देऊ केले. ११ जानेवारी १९१९ रोजी, आजारी असतानाच, त्यांनी विद्यापीठाला उत्तर पाठवले. एवढी रक्कम आपल्या गरजेपेक्षा जास्त आहे, असे त्यांनी त्यात नम्रपणे कळवले. आपला खर्च भागवावा, वर्षाला पन्नास पौंड आईवडिलांना द्यावे आणि जे उरेल, ते शिक्षणाच्या कामी लावावे, अशी त्यांची इच्छा होती. गरीब आणि पोरक्या मुलांचे शाळेचे शुल्क कमी व्हावे आणि शाळांना पुस्तके मिळावी, असे त्यांनी विशेष करून लिहिले होते. शिष्यवृत्ती तुटल्यावर घरातून निघून जाणाऱ्या मुलाचे दुःख काय असते, हे त्यांना पुरते ठाऊक होते. आपल्यासाठी जे दार इतक्या कष्टाने उघडले गेले, ते दुसऱ्या कोणा मुलासाठी बंद राहू नये, हीच त्यांची तळमळ होती.